आखूड बोल्ट अ‍ॅक्शन स्काउट रायफल घ्यावी का? पैसे देण्याआधी हे सगळं बघून घ्या

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमची रायफल जास्त वेळ हातात किंवा खांद्यावर राहणार असेल आणि गोळ्या कमी उडणार असतील, म्हणजे दिवसभर चालायचं, चढायचं, झाडीतून वाट काढायची आणि मधेच कधीतरी एकच गोळी पण ती बरोब्बर जागी लागली पाहिजे असा वापर असेल, तर स्काउट रायफल (आखूड, हलकी, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून भरायची) घेण्यासारखी आहे, नक्की घ्या. उलट रेंजवर बाकाला टेकून बसायचं, कागदावर छोटे छोटे ग्रुप काढायचे (म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींना खेटून लावायच्या), पाचशे सहाशे यार्डांवरच्या लोखंडी प्लेटा वाजवायच्या असं डोक्यात असेल तर नका घेऊ, त्याच पैशात जड बॅरलवाली लांब रायफल जास्त आनंद देईल. या दोघांच्या मधे जे आहेत त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहिलंय, कारण खरी पंचाईत त्यांचीच होते.

पहिल्यांदा हे समजून घ्या की स्काउट हा काही एका कंपनीचा मॉडेल नाही, ती एक कल्पना आहे आणि तिला नीट मोजमाप आहे. जेफ कूपर नावाचे अमेरिकन मरीन अधिकारी आणि नेमबाजीचे शिक्षक, त्यांनी १९८३ मधे अ‍ॅरिझोनातल्या त्यांच्या गनसाइट या प्रशिक्षण केंद्रात काही जाणकार मंडळी जमवली, पुढच्या वर्षी परत जमवली, आणि एकच रायफल जर जवळ ठेवायची असेल तर ती कशी असावी यावर काथ्याकूट केला. त्यातून जे निघालं ते साधारण असं. लांबी १ मीटरच्या आत. वजन स्कोप आणि पट्ट्यासकट, पण काडतुसांशिवाय, ३ किलो, फारच झालं तर ३.५ किलो. काडतूस .३०८ विंचेस्टर. अचूकता २०० यार्डांवर तीन गोळ्या ४ इंचांत. साधारण २०० किलो वजनापर्यंतचं जनावर एका गोळीत पाडता आलं पाहिजे. स्कोप कमी पॉवरचा, म्हणजे चित्र थोडंच मोठं करणारा, आणि तो नेहमीसारखा डोळ्याजवळ नाही तर बॅरलवर पुढे बसवलेला, शिवाय लोखंडी साइट (काचेशिवाय नेम धरायच्या खुणा) असलेल्या बऱ्या. पट्टा असा की चालताना रायफल धरायला आणि नेम धरताना हात बांधून स्थिर करायला दोन्हीला उपयोगी पडेल.

हे वाचून एक गोष्ट लक्षात येते का बघा. यातली बहुतेक कलमं गोळी कुठे लागते याबद्दल नाहीतच, ती रायफल वागवायला कशी आहे याबद्दल आहेत. लांबी, वजन, पट्टा, हाताळणी. अचूकतेचं कलम तर आजच्या मानाने खूपच सैल आहे, २०० यार्डांवर ४ इंच म्हणजे २ एमओए (कोनाचं माप, १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंच), आज साधी स्वस्तातली हंटिंग रायफल सुद्धा चांगल्या काडतुसांनी याच्या निम्म्यात ग्रुप देते. कूपर यांना हे कळत नव्हतं असं थोडीच आहे. हरणाच्या छातीचा जो भाग लागला की जनावर पडतं तो ८ ते १० इंचांचा असतो, उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून धापा टाकत नेम धरताना माणसाचाच हात २ एमओएपेक्षा कितीतरी जास्त हलतो, मग रायफल अर्ध्या एमओएची असून फरक काय पडणार. हा विचार ज्याला पटतो त्याने स्काउट घ्यावी. ज्याला कागदावरचं भोक छोटं दिसल्याशिवाय समाधान होत नाही (त्यात वाईट काही नाही, तोही एक छंदच आहे) त्याला ही रायफल खुपत राहील.

वजनाचा हिशोब स्वतः मांडा

घेताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते म्हणून यावर जरा जास्त लिहितो. दुकानात किंवा कॅटलॉगमधे जे वजन लिहिलेलं असतं ते मोकळ्या रायफलचं असतं, स्कोप नाही, माउंट नाही, पट्टा नाही, काडतुसं नाहीत. आणि आज स्काउट या नावाखाली विकल्या जाणाऱ्या रायफलींपैकी बऱ्याच मोकळ्याच ३.२ ते ३.५ किलोच्या आहेत. म्हणजे कूपर यांनी सगळं लावून जी कमाल मर्यादा सांगितली तिथे या नुसत्याच पोचल्या.

आता त्यात भर घाला. छोटा स्कोप ३०० ग्रॅम धरा, स्कोप धरणाऱ्या रिंगा १०० ग्रॅम, पट्टा दीडएकशे ग्रॅम. .३०८ चं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं, म्हणजे दहा काडतुसं झाली पाव किलो, वर पत्र्याच्या मॅगझिनचं (काडतुसांच्या पेटीचं) वजन वेगळं. ३.२ किलोची रायफल बघता बघता ४ किलोच्या पुढे जाते. मग १-६ पॉवरचा मोठा स्कोप आणि जाड माउंट चढवला, बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला, कुंद्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, काडतुसांची पिशवी बांधली की साडेचार. आणि साडेचार किलोची आखूड रायफल म्हणजे जड रायफलचा शीण पण आणि आखूड रायफलचा आवाज पण, दोन्हीकडून तोटा.

म्हणून दुकानात जायच्या आधी कागदावर बेरीज करा. जो स्कोप लावणार आहात त्याचं वजन, रिंगांचं, पट्ट्याचं, सगळं ग्रॅममधे लिहा. सगळं मिळून काडतुसांशिवाय ३.७ किलोच्या वर जात असेल तर मी म्हणेन एकतर रायफल बदला नाहीतर सामान कमी करा. ३.५ च्या आत बसलं तर उत्तमच.

आणि वजन कुठे आहे तेही बघा. रायफल मॅगझिनच्या जरा पुढे एका हाताने उचलून धरा, तोल तिथे यायला हवा. काही मॉडेलमधे बॅरल जाड ठेवलेलं असतं, वर पुढे मोठा मझल ब्रेक (धक्का कमी करायला बॅरलच्या तोंडाला लावतात तो), त्यामुळे नाक खाली पडतं. अशी रायफल वजनकाट्यावर ठीक दिसते पण तासाभराने मनगट बोलायला लागतं.

पुढे बसवलेला स्कोप, आवश्यक आहे का?

नाही. स्पष्टच सांगतो, माझ्या मते स्काउटच्या सगळ्या कल्पनांमधे आज सगळ्यात कमी गरजेची गोष्ट हीच आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक स्काउट ओळखतात ती यावरूनच.

पुढे बसवण्यामागे कारणं होती आणि ती चांगली होती. अ‍ॅक्शन (बोल्टचा मधला भाग) वरून मोकळी राहते त्यामुळे काडतुसं वरून भराभर भरता येतात, जुन्या लष्करी रायफलीसारखी क्लिपने (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पट्टीने) सुद्धा. रायफल तोलाच्या जागी मुठीत धरून चालता येतं, स्कोप मधे येत नाही. धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर बसत नाही. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, एका डोळ्याला जनावर आणि आजूबाजूचं सगळं दिसतं, दुसऱ्याला क्रॉसहेअर, आणि मेंदू दोन्ही चित्रं जुळवून घेतो. ज्याला हे जमतं तो हलत्या जनावरावर खरंच भयंकर वेगाने नेम धरतो, यात शंका नाही.

पण तोटे पण तितकेच खरे आहेत. डोळ्यापासून ९-१० इंच लांब असलेल्या स्कोपमधून दिसणारं क्षेत्र तेवढ्याच पॉवरच्या साध्या स्कोपपेक्षा अरुंद असतं. सूर्य तुमच्या पाठीमागे आणि खाली असला, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, तर मागच्या काचेवर उजेड पडून समोरचं चित्र धुवून निघतं, काही दिसत नाही. नेमकी तीच वेळ जनावरं बाहेर पडायची. या प्रकारचे स्कोप बनवणारे पण मोजकेच, त्यामुळे निवड कमी. आणि कूपर यांच्या काळात साध्या स्कोपमधे जे पर्याय नव्हते ते आज आहेत. १ पॉवरपासून सुरू होणारे हलके व्हेरिएबल (पॉवर बदलता येणारे), छोटे रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचे), दोन्ही डोळे उघडे ठेवायचं काम हे आरामात करतात. क्लिपने भरायची गरज डिटॅचेबल, म्हणजे काढता घालता येणाऱ्या, मॅगझिनने संपवली.

म्हणून असं करा. रायफल अशी निवडा की जिच्यावर दोन्ही जागी स्कोप बसवता येतो. रूगरच्या गनसाइट स्काउटमधे ही सोय आहे, पुढे बॅरलवर रेल (स्कोप अडकवायची पट्टी) आणि मागे रिसीव्हरवर (बोल्ट सरकतो त्या भागावर) कंपनीच्या रिंगा बसायची जागा. स्टायरच्या स्काउटवर पण पुढे मागे दोन्हीकडे बसवता येतो. मग शक्य असेल तर कुणाकडून तरी पुढे बसवलेला स्कोप असलेली रायफल घेऊन बघा आणि ती सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, दुपारी बारा वाजता रेंजवर बघून काही कळणार नाही. पटलं तर लावा. नाही पटलं तर २-७ किंवा १-४ चा हलका स्कोप नेहमीच्या जागी लावा आणि बिनधास्त वापरा. कूपर स्वतः वजन लांबीत बसणाऱ्या पण पुढचा स्कोप नसलेल्या रायफलीला स्यूडो स्काउट म्हणायचे. नाव काही का असेना, बहुतेकांसाठी ती जास्त कामाची आहे.

बॅरल किती आखूड

बाजारात साधारण १६ ते १९ इंचांची बॅरल मिळतात. रूगरचं साडेसोळाच्या आसपास, स्टायरचं १९. आता लोक घाबरवतात की एवढ्या आखूड बॅरलने .३०८ चा दमच जातो. हिशोब बघा, .३०८ मधे प्रत्येक इंचाला साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद वेग कमी होतो. म्हणजे २२ इंचांवरून साडेसोळावर आलात तर दीडशेच्या आसपास फूट प्रति सेकंद गेला. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २८०० च्या ऐवजी २६५० ने सुटेल. २०० यार्डांपर्यंत या फरकाने ना तुमचा नेम बदलतो ना जनावराला काही कळतं. ३०० च्या पुढे गोळी जास्त पडते, वारा जास्त ढकलतो, आणि काही हंटिंग गोळ्यांना नीट उमलायला एक किमान वेग लागतो तो लवकर संपतो, तेव्हा तिथे विचार करावा लागतो.

वेगापेक्षा खरा त्रास आवाजाचा आणि झोताचा आहे, त्याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही. आखूड बॅरलमधून दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते, मागून मोठा भपका आणि धडाका. .३०८ चा आवाज बॅरलच्या तोंडाशी १६० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. त्यात मझल ब्रेक असेल तर धक्का कमी होतो पण तोच झोत बाजूला आणि मागे, म्हणजे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या कानावर येतो. म्हणून ब्रेक असलेली घेत असाल तर बॅरलच्या तोंडाला आटे आहेत का आणि ब्रेक काढून नुसती टोपी लावता येते का ते विचारा. रेंजवर कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही घाला, एकाने भागत नाही. जिथे कायद्याने सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) चालतो तिथे ही रायफल खरी खुलते, कारण १६ इंची बॅरलला सप्रेसर लावून सुद्धा लांबी साध्या रायफलीइतकीच होते.

मला विचाराल तर १८-१९ इंच हा चांगला मध्य आहे. पण सप्रेसर लावणारच असाल तर १६.

काडतूस

.३०८ च घ्या असं म्हणून हा विषय एका ओळीत संपवता आला असता. १९५२ पासून आहे, जगात जवळपास सगळीकडे मिळतं, गोळ्यांची निवड प्रचंड, बॅरल टिकतं, आखूड बॅरलला त्यातल्या त्यात मानवतं. पण तीन किलोच्या रायफलमधे .३०८ चा धक्का चांगलाच लागतो आणि हे आधी माहीत असलेलं बरं. धक्क्याची भीती बसली की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा पुढे करतो, आणि मग रायफल कितीही चांगली असली तरी गोळी भलतीकडेच. अंगाने लहान असाल किंवा नवीन असाल तर ७ एमएम-०८ किंवा .२४३ चा विचार करा, दोन्ही .३०८ च्याच केसपासून (काडतुसाच्या कवचापासून) बनलेली आहेत. काही देशांत लष्करी काडतुसं सामान्य माणसाला चालत नाहीत, तिथे कूपर यांनी सुद्धा ७ एमएम-०८ च सुचवलं होतं. .२२३ मधे पण अशा रायफली मिळतात, सरावाला स्वस्त आणि धक्का नगण्य, पण मग मोठ्या जनावराचं काम तिच्याकडून अपेक्षू नका. ६.५ क्रीडमूर छान काडतूस आहे पण त्याचा सगळा फायदा लांब पल्ल्यावर, तो आखूड बॅरलमधे अर्धा घालवून बसायचं कशाला.

हातात घेऊन काय बघायचं

आधी दुकानदाराची परवानगी घ्या, मग बोल्ट उघडून चेंबर रिकामं आहे ते डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. बंदुकीच्या सुरक्षेचे जे चार नियम आज सगळीकडे शिकवतात (प्रत्येक बंदूक भरलेली समजा, नको त्या गोष्टीवर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा) ते या मांडणीत रूढ केले ते पण कूपर यांनीच. ते दुकानात सुद्धा लागू आहेत.

आता डोळे मिटा, रायफल सुरक्षित दिशेला खांद्याला लावा, गाल कुंद्यावर टेकवा, मग डोळे उघडा. साइट किंवा स्कोप समोर आपोआप यायला पाहिजे. मान ताणावी लागली, डोकं वर खाली करावं लागलं, तर हा दस्ता (बॅरल ज्यात बसतं ते लाकडी किंवा प्लास्टिकचं अंग) तुमच्या अंगाचा नाही. ही चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे कारण स्काउटचा मुद्दाच पटकन खांद्याला लावण्याचा आहे. कुंद्याची लांबी कमी जास्त करायला मधे पट्ट्या घालायची सोय असेल तर चांगलंच, स्टायर आणि रूगर दोन्हीत ती आहे. ज्या कपड्यात वापरणार तेच कपडे घालून बघा, जाड जॅकेटवर कुंदा अर्धा पाऊण इंच लांब वाटतो आणि काखेत अडकतो.

रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट मारून बघा. म्हणजे गाल तिथेच, नजर समोर, आणि हाताने बोल्ट उचल, ओढ, ढकल, दाब. स्कोप बसवल्यावर बोल्टच्या मुठीला आणि तुमच्या बोटांना जागा राहते का बघा. बोल्ट मागे जोरात ओढला पाहिजे, हळूहळू ओढणारे बरेच जण असतात आणि मग रिकामी केस नीट फेकली जात नाही. रूगरच्या अ‍ॅक्शनला मॉझरसारखा मोठा पंजा असतो, तो काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडतो, त्यामुळे रायफल तिरकी उलटी कशी पण असली तरी भरते. पुश फीड (असा पंजा नसलेल्या, काडतूस नुसतं ढकलणाऱ्या) अ‍ॅक्शन वाईट असतात असं अजिबात नाही, पण बोल्ट अर्धवट ढकलून परत ओढला तर दोन काडतुसं एकमेकांत अडकायची शक्यता त्यांच्यात असते.

ट्रिगर ३ पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १.३ ते १.४ किलो, आणि काच तुटल्यासारखा कट्‌कन सुटणारा असावा. रांगत रांगत सुटणारा ट्रिगर असेल तर तो सुधारता येतो का, कंपनी अ‍ॅडजस्टमेंट देते का, विचारा.

मॅगझिनकडे लोक दुर्लक्ष करतात. दहा काडतुसांचं मॅगझिन फोटोत भारी दिसतं पण ते बरोब्बर तिथेच खाली लोंबतं जिथे तुमची मूठ यायला हवी, म्हणजे तोलाच्या जागी. चालताना ते बोटांना टोचतं, आडवं पडून नेम धरताना जमिनीला लागतं. ३ किंवा ५ चं, खालून सपाट बसणारं मॅगझिन त्या रायफलला मिळतं का हे घेण्याआधीच बघा. आणि दुसरं, मॅगझिन कुठल्या जातीचं आहे. कंपनीचंच खास असेल तर दहा वर्षांनी मिळेल का हा प्रश्न आहे, एआयसीएस सारखं सर्वमान्य पॅटर्न असेल तर चिंता नाही. मॉसबर्गच्या एमव्हीपी स्काउटमधे तर एम १४ आणि एआर १० या दुसऱ्या रायफलींची दोन्ही प्रकारची मॅगझिनं चालतात. स्टायरची एक युक्ती मला फार आवडते, मॅगझिन एक टप्पा खाली सोडलं की बोल्ट त्यातलं काडतूस उचलत नाही, त्यामुळे वरून एकेक टाकून मारता येतं आणि भरलेलं मॅगझिन राखीव राहतं, जोडीला कुंद्यात आणखी एक मॅगझिन. विचार करून बनवलेली गोष्ट कशी असते ते तिथे दिसतं.

लोखंडी साइट असतील तर त्या वापरून बघा. मागची घोस्ट रिंग म्हणजे मोठ्या भोकाची, पातळ कडेची गोल साइट, तिच्यातून बघताना तिच्याकडे बघायचंच नसतं, नजर फक्त पुढच्या मक्खीवर ठेवायची, डोळा मधोमध आपोआप आणतो. १०० यार्डांच्या आत ही स्कोपइतकीच उपयोगी पडते. आणि स्कोप पडला फुटला धुक्याने भरला तरी तुमचा दिवस वाया जात नाही. स्काउट घ्यायचं हे एक ठोस कारण आहे, कारण आजकाल साध्या हंटिंग रायफलींवर लोखंडी साइट द्यायचंच बंद झालंय.

पट्टा अडकवायच्या जागा दोन आहेत की तीन हे पण बघा. तीन असतील तर चिंग स्लिंग लावता येतो. मागच्या कुंद्यापासून पुढच्या दस्त्यापर्यंत मुख्य पट्टा, आणि मॅगझिनच्या पुढच्या तिसऱ्या कडीला एक छोटा तुकडा, त्यातून दंड घातला की एका क्षणात हात घट्ट बांधला जातो. बसून किंवा गुडघ्यावरून मारताना याने जो स्थिरपणा येतो तो महागड्या स्कोपने येत नाही, आणि बायपॉडचं अर्धा किलो वजन वाचतं ते वेगळंच. पण सराव लागतो, घरी रिकाम्या रायफलवर करायचा.

सेकंडहँड मिळत असेल तर

या रायफली बऱ्याचदा हौसेने घेतल्या जातात आणि फारशा न वापरता विकल्या जातात, म्हणून सेकंडहँड चांगल्या मिळू शकतात. बॅरलच्या तोंडाची कडा बघा, तिथे खरचटलं किंवा दबलं असेल तर अचूकता गेली. स्कोपच्या आणि अ‍ॅक्शनच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी बरीच उघडझाप केलीय, का केली ते विचारा. लाकडी किंवा लॅमिनेट दस्ता असेल तर अ‍ॅक्शन काढून रिकॉइल लगच्या (धक्का दस्त्यावर देणाऱ्या उंचवट्याच्या) मागे भेग आहे का बघा, हलक्या .३०८ मधे तिथे जोर येतो. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा) गनस्मिथकडून तपासून घ्या, ते गेजशिवाय कळत नाही. कागदपत्रं, नंबर, परवाना, आणि तुमच्या इथे बॅरलची लांबी, मॅगझिनची क्षमता, आटेवालं तोंड यांना काय नियम आहेत हे पैसे द्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

मग साधी आखूड हंटिंग रायफल का नको?

हा प्रश्न स्वतःला विचाराच, कारण खूप जणांसाठी खरं उत्तर तेच आहे. १८-२० इंची बॅरलची, पावणेतीन तीन किलोची साधी बोल्ट अ‍ॅक्शन, वर २-७ चा छोटा स्कोप, ही स्काउटची नव्वद टक्के कामं करते, बहुतेक वेळा कमी पैशात आणि कमी वजनात. तिच्यात नसतं ते म्हणजे लोखंडी साइट, पटकन बदलायचं मॅगझिन, पुढची रेल आणि तिसरी कडी. या चारातल्या किमान दोन गोष्टी तुम्ही खरोखर वापरणार असाल तर स्काउटला जास्तीचे पैसे द्या. एकच वापरणार असाल तर ती एक गोष्ट साध्या रायफलवर गनस्मिथकडून बसवून घेणं सोपं पडतं. कूपर यांच्या सुरुवातीच्या स्काउट पण रेमिंग्टनच्या ६०० मालिकेतल्या छोट्या कार्बाइनवर काम करूनच बनल्या होत्या, कारखान्यातून तयार येणारी स्टायरची स्काउट बाजारात यायला नव्वदच्या दशकाचा शेवट उजाडला आणि रूगरची तर २०११ मधे आली.

ज्याच्याकडे आधीच दोन तीन रायफली आहेत त्याला स्काउट बहुधा शोभेची होते. ज्याला एकच ठेवायची आहे, खर्चाने म्हणा परवान्याने म्हणा, त्याला मात्र ती खरी पैसा वसूल आहे, ती बनलीच त्याच्यासाठी.

घेतल्यावर झिरो कसा करायचा (म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागायची जागा कशी जुळवायची)

पहिल्या दिवशी एकाच प्रकारचं काडतूस घेऊन बसू नका, दोन तीन प्रकारची १५० ते १६८ ग्रेनची घ्या आणि प्रत्येकाचे तीन तीन गोळ्यांचे ग्रुप काढा. मधे बॅरल थंड होऊ द्या, पातळ बॅरल चौथ्या पाचव्या गोळीला गरम होऊन ग्रुप फाकवतं आणि मग माणूस उगाच रायफलला दोष देतो. जे काडतूस सगळ्यात जवळ मारतं ते ठरवून टाका आणि १०० यार्डांवर गोळी नेमापेक्षा २ इंच वर लागेल असा स्कोप लावा. असं केलं की .३०८ साधारण २०० यार्डांवर बरोबर नेमावर येते आणि मधे कुठेही दोन अडीच इंचांपेक्षा जास्त वर जात नाही, म्हणजे २०० पर्यंत मधोमध नेम धरा आणि मारा, हिशोब नको. ३०० वर ती साधारण ९ इंच खाली पडेल, पण आखूड बॅरल, तुमचं काडतूस, स्कोपची उंची यावर हे बदलतं म्हणून ते स्वतः कागदावर मारून बघा आणि आकडा कुंद्यावर चिकटवून ठेवा. झिरो झाला की बाकावरून उठा, पुढचा सगळा सराव उभ्याने, बसून आणि गुडघ्यावरून, पट्ट्यात हात घालून.